तुझे क्यूब खरं बोलत होते

अंबादास, तू असतास तर दारातच विचारलं असतंस, "रजा मंजूर करून आलास, का नुसता अर्ज टाकून?" अर्ज टाकून आलो. तार हातात पडली तेव्हा मी साइटवर होतो. गाड्या बदलत सोलापूरला पोचलो तोवर तुला जाऊन चार दिवस झाले होते. तुझं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. आठ दिवसांच्या काविळीत चौतिशीचा माणूस संपतो, हे मला अजून पटत नाही. पटवून घ्यायचं म्हणून तेराव्यापर्यंत राहिलो, तरी पटलेलं नाही.

काल तुझा तेरावा झाला. पंगतीत तुझ्या गल्लीतले दोघं बोलत होते. एक म्हणाला, "हुशार होता ओ पोरगा. पण तितल्या सायबांनी कामावरनं बाजूला काढलं म्हणं. हातनं काय तरी चूक झाली." दुसरा म्हणाला, "अणुभट्टीचं काम हाय ते. तितं चूक चालत न्हाय की." मी दोन पानं सोडून बसलो होतो. ती चूक कोणाची होती हे त्या अख्ख्या पंगतीत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून भात कालवत राहिलो. चार वर्षं मी हेच करतोय.

म्हणून आज लिहितोय. वरातीमागून घोडं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

तू साखर पेठेतला, विणकराच्या घरचा; घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी सांगोल्याच्या पलीकडच्या माळावरचा. तंत्रनिकेतनात पहिल्या दिवशी शेजारी बसलो तेव्हा माझं मराठी तुला कळेना आणि तुझं मला. तू म्हणालास, "तुमी लोक बोलताय का भांडताय?" मी म्हणालो, "दोन्ही एकच हाय." तिथून जी गट्टी जमली ती जमलीच.

तुझे वडील, तुझे नान्ना, मला आठवतात. मागावरून उतरलेली चादर ते मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचे. मध्येच अंगठा थांबायचा. तिथं नेमका धागा सुटलेला असायचा. तुझा त्या अंगठ्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. डोळा फसतो, हात फसत नाही, असं ते म्हणायचे आणि तूही म्हणायचास.

पुढं आपण दोघंही अणुवीज प्रकल्पावर लागलो, परमुलखात. मी काँक्रीट ओतणाऱ्यांत आणि तू ते तपासणाऱ्यांत. कामाच्या दर्जासाठी वेगळी माणसं ठेवायची ही पद्धत तेव्हा नवीनच होती. आमच्या लोकांना तुम्ही म्हणजे पायात आलेले धोंडे वाटायचात. एका खोलीत राहायचो, तू घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकाच ताटलीत खायचो, आणि खाता खाता भांडायचो.

तू मला पहिल्यांदा क्यूब दाखवलास तेव्हा मी हसलो होतो. पाच फूट जाडीची भिंत, आणि तिची परीक्षा या सहा इंची ठोकळ्यावर? तू शांतपणे सगळं समजावलंस. भिंतीत जातो तोच माल घ्यायचा. लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचा. दर थराला सळईचे पस्तीस टोले, म्हणजे आत हवा राहात नाही. दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा, ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्रात दाबून फोडायचा. तो किती भार सोसतो त्यावरून भिंत कळते. मी म्हणालो, "म्हणजे भिंत मी बांधायची आणि तू नुसतं फोडायचं!" तू म्हणालास, "भिंत उभी राहिली की तिला कोण विचारणार हाय? विचारायचं ते आत्ताच."

टोले मोजायचास तेलुगूत, आणि मोठ्यानं. ओकटी, रेंडू, मूडू... आमच्याकडचे आंध्रातले मजूर हसायचे, मग तुझ्याबरोबर मोजायला लागायचे. पस्तिसावा टोला पडला की सगळे एका सुरात ओरडायचे, "मुप्पै ऐदू!" मला तेलुगूतला तेवढाच एक आकडा नीट पाठ झाला.

आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन. मला रजा मिळाली नव्हती. तू तुझी रजा घेतलीस, सांगोल्याला जाऊन तिला सोलापुरात आणलंस, दवाखान्यात तिच्या उशाशी पाच दिवस बसलास. पट्टी सोडल्यावर तिनं पहिल्यांदा तुला पाहिलं, मला नाही. मरेपर्यंत ती तुला 'माझा तेलंगी ल्योक' म्हणायची. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मित्राचे आभार कसले मानायचे, असं वाटायचं. आज वाटतं, तेवढं तरी म्हणून ठेवायला हवं होतं.

आता त्या दिवसाचं बोलतो. टाळत टाळत इथवर आलोय.

अणुभट्टीभोवतीची ती जाड भिंत. ती एका दमात उभी करत नाहीत, एकावर एक थर चढवतात आणि प्रत्येक थराला नंबर असतो. आपला सतरावा. एप्रिलचं ऊन. पहाटेपासून काम चालू होतं. आतल्या सळ्या इतक्या दाट की बोट शिरायचं नाही. तुला दोन दिवस ताप होता. मी म्हणालो झोपून राहा, तर तू म्हणालास तुझा जोडीदार गावी गेलाय, क्यूब कोण करणार. सकाळी तू खाली मिक्सरपाशी माल तपासलास, तो बरोबर होता.

दुपारी उन्हानं माल वाटेतच घट्ट व्हायला लागला. वर आला तो सळ्यांतून खाली उतरेना. फोरमन म्हणाला, "सायेब, काय ते लौकर सांगा. खालचा थर धरायला लागलाय." माल फेकून नवा मागवावा, तर तोवर खालचं सुकून भिंतीत सांधा पडणार. तुला बोलवावं, तर तू तो माल फेकायलाच लावणार. मग मी तिसरंच केलं. वरच्या हौदातल्या मालात पाणी ओतायला सांगितलं. पाच डबे. मी मोजले होते. मालात वरून पाणी घातलं की काँक्रीटची ताकद जाते, हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. पण माल सुरसुर खाली उतरला, फोरमन हसला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात तू शिडी चढून वर आलास, डोळे लाल, मागं साचे घेतलेला मजूर. हौदात पाहिलंस आणि म्हणालास, "माल पातळ वाटतोय की रे, शिवा."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असणारच. "अंब्या, अंगात एकशे दोन ताप हाय तुझ्या. आज तुला सगळं जगच पातळ दिसणार!" मजूर हसले. तूही हसलास. माल किती पातळ आहे ते मोजायचा शंकू खाली मिक्सरपाशी होता. तो आणायला तू माणूस पाठवणार होतास. हात वर केला होतास त्याला हाक मारायला. मग त्याच हातानं कपाळ पुसलंस आणि खाली बसून साचे भरायला लागलास.

मी तुझ्याशेजारी उभा होतो. तीन क्यूब, प्रत्येकाचे तीन थर. नऊ वेळा तू 'मुप्पै ऐदू' म्हणालास, तापानं आवाज फुटत होता तरी. एकही टोला कमी पडला नाही. मी ऐकलंय, अंबादास.

अठ्ठाविसाव्या दिवशी तू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिलास. "शिवा, तिन्ही गेले." तिन्ही क्यूब हव्या त्या भाराच्या कितीतरी आधीच फुटले होते. तेव्हा बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बस. पाणी पी."

मग ती बैठक. क्यूब कच्चे म्हणजे एक तर भिंत कच्ची, नाही तर क्यूब करणाऱ्याचा हात कच्चा. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर आमच्यावर ढकलून मोकळा झाला असता. तू आधीच स्वतःविरुद्ध लिहून आणलं होतंस: क्यूब करताना अंगात ताप होता, टोले नीट पडले असतील याची खात्री देता येत नाही, माल पातळ वाटूनही तो पुन्हा मोजला नाही, ही चूक माझी. साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "कामात काही वेगळं घडलं होतं?" मी म्हणालो, "नाही, सर."

कारणं होती माझ्याकडं. आज ती लिहायला बसलो तर कागदाचीच लाज वाटते.

भिंतीला भोकं पाडून आतल्या काँक्रीटचे तीन नमुने काढले. परांची जिथं शिल्लक होती तिथून काढले, वरच्या अंगानं. माझे पाच डबे गेले होते खाली, डाव्या कोपऱ्यात. वरचे नमुने उतरले पास. निकाल लागला: भिंत चांगली, क्यूब वाईट. मला वाटलं, चला, आपण दोघंही सुटलो. सुटलो होतो फक्त मी.

तुला कोणी घालवलं नाही. नुसतं क्यूबवरून काढून कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. एकदा दुपारी मी तिकडून चाललो होतो. तू प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा होतास. आत तुझ्या जागी आलेला नवा माणूस सळईनं टोले मारत होता, आणि बाहेर तुझे ओठ हलत होते. मी वाट बदलली. दिवाळीच्या आधी तू राजीनामा दिलास. ट्रंक बांधताना म्हणालास, "हाताचा भरवसा गेला की या कामात राहू न्हाय." मी तुझी ट्रंक स्टेशनपर्यंत उचलली, एवढीच माझी मैत्री.

दोन वर्षांपूर्वी, आणीबाणीतलं ते, चुलतभावाच्या लग्नाला आलो होतो. तेव्हा तुला सांगायचंच असं ठरवून तुझ्या घरी आलो. ताकाला जाऊन भांडं लपवलं. तू मला सायकलवर पुढं बसवून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेलंस, तू उभ्या केलेल्या मागांच्या शेड दाखवल्यास. एका खांबावर चापट मारून म्हणालास, "हितं टॉवेल विणतील. फुटलं तर टॉवेलच फाटंल, दुसरं काय!" आणि हसलास. मग हसता हसता थांबून विचारलंस, "शिवा, त्या दिवशी माझं मोजायचं चुकलं होतं का रे? तू तर शेजारीच हुतास."

मी म्हणालो, "आठवत नाही रे आता."

बैठकीतल्या त्या दोन शब्दांपेक्षा हे वाक्य जास्त वाईट आहे. तिथं मी साहेबांना फसवलं. इथं तू हात पसरून माझ्याकडं तुझाच हात परत मागत होतास, आणि मी तो दिला नाही. त्यावर तू मान हलवलीस आणि मला चहा पाजलास. रागावला असतास तर बरं झालं असतं.

काल पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. कुंपणाच्या कडेनं फुटलेले क्यूब ओळीनं मांडलेले. किती होते ते मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक तुकड्यावर तांबड्या रंगात तुझ्या अक्षरातला नंबर. मी विचारलं, हे काय? वहिनी म्हणाल्या, "दर महिन्याला तीन करायचे. परमिटचं सिमेंट, घरात न्हाणीचा कठडा करायला पुरंना, पर ह्यांना क्यूबला पायजे. मग तुमच्या त्या जुन्या कालेजातल्या मास्तरांच्या मशिनीवर फोडून आणायचे. मी म्हणायचे, कशाला ओ? म्हणायचे, माझा हात कुटं चुकतोय ते बघतोय."

त्यांनी तुझी वही दिली. पानामागून पान, तीन क्यूब, तीन आकडे, पास. पास. पास. एका पानावर लिहिलंयस, 'ताप १०१. मुद्दाम आज केले. पास.' खाली बारीक अक्षरात: 'मग त्या दिवशी काय झालं?' तीन वर्षं तू हा प्रश्न विचारत होतास, आणि त्या वहीत एकदाही माझं नाव नाही. शंका घ्यायला तुला सगळं जग मोकळं होतं. तू घेतलीस ती आपल्याच हातावर.

शेवटच्या पानावर: 'ताप. डॉक्टर कावीळ म्हणतात. तीन केले.' पुढचा रकाना कोरा. वहिनींनी न्हाणीजवळच्या टाकीकडं बोट दाखवलं. ते तिन्ही पाण्यात होते. एकवीस दिवस झाले होते. वहिनी म्हणाल्या, "तापात उठून बसले. मी ओरडले, आडवे व्हा म्हणून. ऐकलं न्हाय." मग मला विचारलं, "भाऊजी, हे कधी काढायचे? मला म्हाइत न्हाय."

मी तिथं पायरीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. पाच डबे, ताप, माझा तो विनोद, नऊ वेळा मोजलेले पस्तीस, 'नाही, सर', 'आठवत नाही'. काहीही वगळलं नाही. त्या उभ्याच होत्या. रडल्या नाहीत. माझं संपल्यावर टाकीकडं बघत म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? हे त्यांला सांगायचं हुतं."

अंबादास, चार वर्षांत मी तुला किती पत्रं लिहिली! पावसापाण्याचं लिहिलं, पोरांच्या शाळेचं लिहिलं, मेसच्या आमटीची थट्टा लिहिली. त्यातल्या कुठल्याही पत्राच्या कोपऱ्यात हे मावलं असतं. तू मला माफ केलं असतंस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर जास्त जळतं. तू शिव्या दिल्या असत्यास, दोन दिवस अबोला धरला असतास, आणि तिसऱ्या दिवशी पूर्वीसारखी मूठभर वाळू हातात चोळून तपासत छाती काढून चालला असतास. ते तुझं चालणं मी घालवलं.

वहिनींनी मग विचारलं, "ती भिंत आता कशी हाय?" मी म्हणालो, उभी आहे, अजून भट्टी चालू झालेली नाही, खालच्या कोपऱ्याचं मला माहीत नाही, कोणालाच नाही. त्या म्हणाल्या, "मग लिहून द्या. एक कागद तितं धाडा, एक मला द्या. माझी पोरगी मोठी हुईल. गल्लीतले बोलतात ते तिच्या बी कानावर जाईल." आतून तुझं पेन आणि तुझे रेघांचे कागद घेऊन आल्या.

तसं लिहिलं. सतरावा थर, खालचा डावा कोपरा, पाच डबे पाणी, माझ्या सांगण्यावरून. वरच्या नमुन्यांवर जाऊ नये, तिथंच भोक पाडून बघावं. अंबादासनं केलेले तिन्ही क्यूब बरोबर होते, टोले पुरे पडले होते, मी शेजारी उभा राहून ऐकले आहेत. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. एक प्रत आज सकाळी रजिस्टरनं प्रकल्पावर धाडली. नोकरी राहात नाही असं दिसतंय. कोपरा फोडावा लागेल का, लागला तर काय निघेल, याची मला तुझ्याइतकीच काळजी आहे. तुझ्याइतकी म्हणायचा मला हक्क नाही, पण काळजी आहे. ते तीन क्यूब पाण्यातच आहेत. अठ्ठावीस दिवस भरले की वहिनींना घेऊन मास्तरांकडं जाईन. तेवढे दिवस इथंच आहे.

एक सांगायचं राहिलं. सही करून मी कागद वहिनींच्या हातात दिला. त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश, शब्द न् शब्द वाचला. एवढा वेळ लागला की मला वाटलं आता त्या मला काहीतरी बोलतील, एखादा शब्द, शिवी का होईना. त्यांनी कागद माझ्यापुढं परत धरला.

"तारीख न्हाय घातली."

मी पेन उचललं आणि विचारलं, ज्या दिवशी पाणी घातलं त्या दिवसाची घालू का?

"आजची घाला," वहिनी म्हणाल्या. "किती उशीर केला ते बी दिसू दे."